ढगाबाहेरचा आकडा

१

छज्जा पडला मंगळवारी सकाळी साडेनऊला. मला बोलावणं आलं पुढच्या बुधवारी. म्हणजे आठ दिवस सगळ्यांनी आपापलं डोकं चालवून पाहिलं, आणि हात टेकल्यावर त्यांना माझी आठवण झाली.

"बाई, तुमच्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू?" साहेब फोनवर म्हणाले. "उद्या अकरा वाजता चौकशी अधिकारी हॉस्पिटलात जाऊन मुकादमाचा जबाब घेणार आहेत. त्याआधी आपल्या ऑफिसची बाजू तपासा आणि एका कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही असली की कोणी शंका काढणार नाही."

एकतीस वर्षं मी साहेबांच्या ऑफिसात ड्रॉइंगं तपासली. माझ्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एकही शीट बाहेर पडत नसे. पोरं मला मागून 'लाल पेन्सिल' म्हणायची आणि समोरून चळाचळा कापायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आता मी घरातल्यांच्या चुका काढत होते आणि त्यांना माझा पुरेसा कंटाळा आला होता. त्यामुळे मी लगेच चपला घातल्या.

प्रकरण साधं दिसत होतं. नव्या दवाखान्याच्या दारावर एक मोठा लोखंडी छज्जा होता, दोन खांबांना बोल्टने धरलेला. हे बोल्ट खांबाच्या काँक्रीटमध्ये साडेचारशे मिलिमीटर खोल जायला हवे होते. ते गेले होते फक्त दीडशे. छज्ज्यावर पत्रे चढवायला सुरुवात झाली, वजन आलं, आणि ओल्या मातीतून मुळा उपटावा तसे बोल्ट निघून आले.

खाली दोन सख्खे भाऊ होते. थोरला मुकादम, त्याचे दोन्ही पाय मोडले. धाकटा वेल्डर, तो जागच्या जागी गेला.

"तीन नंबरच्या शीटवर साडेचारशे स्वच्छ लिहिलंय," साहेब म्हणाले. "शीट मुकादमाच्या हातात होती. त्याने जुन्या शीटवर काम केलं. वाईट वाटतं हो, पण स्वतःच्या भावाला त्यानेच मारलं. आपण तरी काय करणार?"

२

ऑफिसात शिरल्यावर पहिली भेटली ती धाकटी. ड्राफ्टिंगच्या टेबलावर बायका दोनच होतो, म्हणून मी थोरली आणि ती धाकटी. मी गेल्यावरही तिचं नाव धाकटीच राहिलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"ताई, सगळे म्हणतात मी ढग विसरले. मी नाही विसरले."

ढग म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रॉइंगमध्ये काही बदललं की त्या बदलाभोवती नागमोडी रेघ काढतात. ती ढगासारखी दिसते, म्हणून ढग. बदललेली शीट पुढच्या नंबराने निघते, एकची दोन, दोनची तीन, तिला रिव्हिजन म्हणतात. साइटवरच्या माणसाने शीट उघडली की आधी ढग शोधायचा. ढगात बदल, ढगाबाहेर सगळं पूर्वीसारखं. हा सगळ्यांचा एकमेकांवरचा भरवसा असतो.

तीन नंबरची शीट मी टेबलावर पसरली. त्यावर ढग एकच होता, पावसाच्या पाण्याच्या पाइपाभोवती. पाइप खांबाच्या डावीकडून उजवीकडे गेला होता. साडेचारशेचा आकडा शीटच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस बारीक तपशिलांच्या गर्दीत उभा होता. त्याच्याभोवती काही नव्हतं.

"बघा ना," मागून आवाज आला. साहेबांचे जावई. ऑफिसचं रोजचं काम तेच बघतात, म्हणून सगळे त्यांना जावईबापू म्हणतात. "पाइपाला ढग आहे. का, तर मी हिच्या खुर्चीमागे उभं राहून काढून घेतला. त्या पाइपापायी मी आठ दिवस प्लंबरशी भांडलोय, खिडकीचं दारच उघडत नव्हतं. बोल्टाच्या वेळी मी मागे नव्हतो, आणि ढग गायब."

"बोल्टाचा बदल तीन नंबरला झालाच नाही!" धाकटी उसळली. "तो दोन नंबरला झाला. तेव्हा मी ढग काढला होता. तीन नंबर करताना तो बंद केला. नवी रिव्हिजन आली की जुने ढग बंद करायचे, कोपऱ्यातल्या चौकटीत नव्या बदलाचीच नोंद ठेवायची. ताई, हा तुमचाच नियम ना?"

होता. शीटवर मागच्या-पुढच्या ढगांची जत्रा भरायची, कुठला बदल नवा ते कळायचं नाही. म्हणून दहा वर्षांपूर्वी मीच तो नियम केला आणि भिंतीवर लावला. अजून तिथेच होता.

तिने फाइल उघडून दाखवली. प्रत्येक रिव्हिजनचा एक लेअर, म्हणजे हवा तेव्हा दाखवता-लपवता येणारा थर. ढग, तारीख, कोपऱ्यातला आकडा, सगळं त्या लेअरवर. तीनचा लेअर बंद केला, दोनचा चालू केला, आणि साडेचारशेभोवती ढग उगवला. कोपऱ्यात तीनचा दोन झाला.

"हा अपघातानंतरही काढता येतो," जावईबापू म्हणाले. "फाइल तर मंगळवारनंतर दहा जणांनी उघडलीय. हिनेही."

"मग छापलेली शीट दाखवा," मी म्हटलं. " दोन नंबर कधी छापली?"

"छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती, सहीला," धाकटी म्हणाली. "तेव्हा प्लॉटरचं सगळं मीच करायचे. हल्ली साहेब स्वतःही प्रिंट काढतात, मी शिकवलंय त्यांना. फाइल उघडणं, लेअर चालू-बंद करणं आणि छापणं. पुढचं शिकवायला गेले तर म्हणाले, या वयात उंदीर पकडून रेघा मारायला लावू नकोस."

मी रेकॉर्डची फाइल मागवली. एक नंबरची शीट होती. तिच्यामागे एकदम तीन.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. जावईबापूंनी खांदे उडवले. एवढ्यात साहेबांच्या केबिनचं दार उघडलं.

"दोन नंबर माझ्याकडे आहे," साहेब म्हणाले आणि शीट माझ्या हातात दिली. कोपऱ्यात दोनचा आकडा होता, साडेचारशेभोवती ढग होता, आणि वर आमचा 'रवाना' शिक्का, चार महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. "धाकटी खरं बोलतेय. शीट वेळेवर गेली. हरवली असेल तर ती साइटवर."

धाकटीने हुश्श केलं. मला मात्र ते हुश्श मुकादमाला महागात पडणार असं दिसत होतं.

३

साइटवर काम बंद होतं. दाराशी दोन खांब उभे होते आणि त्यांना प्रत्येकी चार भोकं. मी एका भोकात पेन्सिल घातली. ती पुरती आत जायच्या आधीच टोकाला काँक्रीट लागलं.

आमच्या ऑफिसने साइटवर नेमलेल्या इंजिनियरला सगळे हेल्मेट म्हणतात, कारण ते तो जेवतानाही काढत नाही. पत्र्याच्या खोलीत त्याने मला शीटा टांगलेली दांडी दाखवली. एक नंबर, तीन नंबर. मधे काही नाही.

"मुकादमाची शीट कुठाय? ज्यावर तो काम करायचा ती?"

त्याने कपाटातून एक चिंधी झालेली शीट काढली. ती एक नंबर होती. घड्यांवर चिकटपट्टी, कडेला सिमेंटचे ठसे, आणि सगळीकडे मुकादमाचं बारीक अक्षर. कुठली पातळी कुठून मोजली, कुठला खांब किती तिरका निघाला, सगळं पेन्सिलीने टिपलेलं. पाइपाच्या जागी मात्र लाल पेन्सिलीची फुली होती, आणि खांबाच्या उजवीकडे नवा पाइप लाल रेघेने काढलेला.

"नवी शीट आली की तो हेच करतो," हेल्मेट म्हणाला. "नवीवर त्याची मापं नसतात ना. म्हणून नवीतले ढग बघायचे, तेवढं लाल पेन्सिलीने जुन्यावर उतरवायचं आणि जुनीच वापरायची. सगळे मुकादम असंच करतात."

खरं होतं ते. आळस नव्हता हा, उलट काळजी होती. त्याने तीन नंबर शीट हातात घेतली होती, ढग शोधला होता आणि इमानदारीने उतरवला होता. ढगच एक होता.

"दोन नंबर इथे आली होती?"

"नाही."

"साहेबांकडे 'रवाना' शिक्का मारलेली प्रत आहे."

"असेल. इथे नाही आली." त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, जणू आणखी काही डोक्यावर पडणार होतं.

"एकानंतर एकदम तीन आली, आणि तुम्ही गप्प बसलात? इंजिनियर आहात की दांडी?"

"गप्प नाही बसलो! उशिरा लक्षात आलं, खांब ओतून झाल्यावर, पण फोन केला होता ऑफिसला. विचारलं, दोन कुठाय."

"मग?"

"उत्तर मिळालं, दोनमध्ये विशेष काही नव्हतं, तीनच धरा."

"कोण म्हणालं?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "आठवत नाही, बाई. मला दोन मुली आहेत. खरंच आठवत नाही."

मी त्याला आणखी टोकलं नाही. आठवत नाही म्हणणाऱ्याला नेमकं कोणाचं नाव आठवतंय एवढं समजलं तरी पुरतं. ते नाव घ्यायला तो घाबरत होता, म्हणजे त्याची नोकरी त्या माणसाच्या हातात होती. अशी माणसं दोन होती. सासरा आणि जावई.

४

मुकादम हॉस्पिटलच्या खाटेवर सरळ पडून होता, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. पन्नाशीचा माणूस. मी आत गेल्यावर त्याने उठायचा प्रयत्न केला, इतकी जुनी सवय.

"पडून राहा," मी म्हटलं. "मी आता कोणाची साहेब नाही."

खिडकीजवळच्या स्टुलावर एक बाई बसली होती. धाकट्या भावाची बायको. तिने उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली, त्याच्या पाण्याच्या पेल्यात पाणी ओतलं, उशी सारखी केली, आणि परत जाऊन बसली. हे सगळं तिने त्याच्याकडे न बघता केलं.

"आठ दिवस झाले," मुकादम हळूच म्हणाला. "डबा आणते, औषध देते. बोलत नाही. कसं बोलेल? त्या दिवशी तो म्हणाला होता, दादा, आज वारं आहे, पत्रे उद्या चढवू. मीच म्हटलं, चढव."

उशाशी एक टाइप केलेला कागद होता. मी वाचला. 'सुधारित शीट माझ्या ताब्यात असूनही मी जुन्या शीटप्रमाणे काम केले. अपघातास मी जबाबदार आहे.' खाली सहीसाठी रेघ.

"हा कोणी आणला?"

"ऑफिसातून आला. शिपाई ठेवून गेला. उद्या ते अधिकारी आले की त्यांच्यासमोर सही करणार."

"का?"

"आकडा लिहिलेला होता ना, बाई? तीन नंबरवर होता. मी सतरा वेळा ती शीट डोळ्यांपुढे आणली. होता." त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "माझ्याच हाताने मोजून दीडशेवर बोल्ट बसवले मी. तुरुंगात टाकलं तरी मला काही म्हणायचं नाही."

"दोन नंबरची शीट तुम्ही पाहिली होती?"

"दोन नंबर होती?"

हा प्रश्न त्याने ज्या तोंडाने विचारला, तसं तोंड कोणालाही खोटं करता येत नाही. पण तोंड हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणाल तर साहेबांच्या हातची ती शिक्का मारलेली शीट होती, आणि ती मुकादमाच्या विरुद्ध बोलत होती. स्टुलावरची बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. तिला काय ऐकायचंय ते मला कळलं, आणि मी तिला काहीच देऊ शकत नव्हते.

ऑफिसातून सोबत आणलेल्या तिन्ही शीटा घेऊन मी बाहेर आले.

५

हॉस्पिटलच्या जिन्यात मोठी काचेची खिडकी होती. दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. आमच्या काळी दोन ड्रॉइंगं ताडून बघायची म्हणजे उजेडाच्या काचेवर एकावर एक ठेवायची. मी तेच केलं. खाली एक नंबर, वर दोन नंबर. जाणारे-येणारे म्हातारीला वेड लागलंय अशा नजरेने बघत होते.

आधी कडा जुळवल्या. जुळेनात. दोन नंबरची शीट खालून दोन बोटं आखूड होती.

आमच्या प्रत्येक शीटच्या तळाला छापतानाच एक बारीक ओळ आपोआप येते. फाइलचं नाव, छापल्याची तारीख, वेळ. एक नंबरवर ती ओळ होती, तीनवरही होती. दोनवर ती पट्टीच कापलेली होती. पात्याने, मोजपट्टी लावून, एका फटक्यात. रेघ इतकी सरळ की क्षणभर मला कौतुकच वाटलं.

म्हणजे ही शीट कधी छापली ते कोणाला तरी लपवायचं होतं.

पण उद्या कोणी म्हणालं असतं, शीट फाटली होती म्हणून कापली. मला आणखी हवं होतं. मी रेघ न् रेघ ताडायला लागले. एकतीस वर्षं हेच केलेलं. दोन नंबरमध्ये फक्त एक आकडा बदलायला हवा होता, दीडशेचा साडेचारशे. बाकी सगळं एक नंबरवर तंतोतंत बसायला हवं. भिंती बसल्या. खांब बसले. खिडक्या बसल्या.

पाइप बसला नाही.

एक नंबरवर पाइप खांबाच्या डावीकडे होता. वरच्या दोन नंबरवर तो उजवीकडे होता, शांतपणे, ढगाशिवाय. आणि पाइप उजवीकडे गेला तो तीन नंबरला, जावईबापूंच्या भांडणानंतर. चार महिन्यांपूर्वी रवाना झालेल्या शीटला, पुढे महिन्याभराने होणारा बदल आधीच माहीत होता.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ही शीट जुनी नव्हतीच. आजची फाइल उघडून, तीनचा लेअर बंद आणि दोनचा चालू करून, कोणीतरी ती अपघातानंतर छापली होती. ढग मागे गेला, आकडा मागे गेला, तारीख मागे गेली. पाइप लेअरवर नव्हता, तो ड्रॉइंगमध्येच सरकला होता, म्हणून तो जिथल्या तिथे राहिला.

कोणी छापली तेही मला तिथेच कळलं. अर्धा तास मी त्या पायरीवरून उठले नाही, कारण उठलं की ऑफिसात जावं लागणार होतं.

६

पाच वाजता केबिनमध्ये चौघं होतो. साहेब, जावईबापू, धाकटी आणि मी. मी शीटा खिडकीच्या काचेवर लावल्या आणि पाइप दाखवला.

"फाइल या ऑफिसातली," मी म्हटलं. "हेल्मेट आणि मुकादम तिच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणजे खोटी शीट इथल्याच कोणीतरी छापली."

जावईबापूंनी धाकटीकडे बोट केलं. "हीच. ढग काढल्याचा पुरावा हिलाच हवा होता!"

"पाइप तिने स्वतः हलवलाय. तिला खोटी दोन नंबर करायची असती, तर तिने पाइप दोन मिनिटांत परत डावीकडे नेला असता. तिच्या हाताचा मळ आहे तो."

"मग काय मी?"

"तुम्ही तर नाहीच. त्या पाइपापायी तुम्ही आठ दिवस भांडलात. तुम्हाला ही शीट झोपेतून उठवून दाखवली तरी आधी पाइपच दिसेल." त्यांनी मान हलवली, नाइलाजाने. "ही शीट अशा माणसाने केली, ज्याला लेअर चालू-बंद करता येतात, छापता येतं, पण रेघ हलवता येत नाही. ज्याचा हात ड्रॉइंग बोर्डावर तयार झालाय, म्हणून पातं इतकं सरळ चालतं. आणि ज्याच्या लेखी इमारतीत फक्त खांब आणि तुळया असतात. पाइपाकडे त्याने आयुष्यात बघितलेलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही दोघं बाहेर जा," ते म्हणाले. जावईबापू काही बोलणार होते, पण धाकटीने त्यांना बाहीला धरून नेलं.

"शीट माझ्या खणात राहिली," साहेब म्हणाले. "छज्जा पडल्यावर घाबरून मी ती फाडून टाकली, आणि मग ती रवाना झाल्याचा पुरावा हवा म्हणून ही छापली. चार महिन्यांपूर्वी वाऱ्याचं गणित मी पुन्हा तपासत होतो, तेव्हा माझीच चूक सापडली. दीडशे पुरणार नव्हते. धाकटीकडून दुरुस्त करून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी मालकांची मीटिंग होती. तिप्पट फरक, बाई! काय तोंड दाखवलं असतं? म्हटलं, मीटिंग होऊ दे, मग पाठवू. मग मी तापाने पडलो. मागे जावयाने तीन नंबर काढून पाठवली. त्याला वाटलं, दोन गेलीय."

"आणि हेल्मेटचा फोन आला तेव्हा?"

"आदल्या दिवशी काँक्रीट ओतून झालं होतं. त्याला खरं सांगितलं असतं तर खांब फोडावे लागले असते." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला वाटलं, धरेल."

एकतीस वर्षं मी या माणसाचं अक्षर ओळखत होते. त्यांचा प्रत्येक आकडा मी देवाच्या आकड्यासारखा मानला. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"आणि तो जबाबाचा कागद? तोही तुम्हीच टाइप करून पाठवलात ना? भाऊ गमावलेल्या माणसाच्या उशाशी?"

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "उद्या हे बाहेर आलं तर सगळंच बाहेर येईल. जुने ढग पुसायचा नियम कोणाचा? भिंतीवर खाली सही कोणाची? तो ढग तीन नंबरवर राहिला असता, तर मुकादमाला दिसला असता. माझी शीट खणात असती तरी त्याचा भाऊ मेला नसता. हे अधिकाऱ्यांना समजायला किती वेळ लागेल? मी एकटा नाही बुडणार. रात्रभर विचार करा."

मी काचेवरच्या शीटा काढून गुंडाळायला लागले. ते खोटं बोलत नव्हते.

७

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं कमी असताना मी हॉस्पिटलच्या खोलीत पोचले. अधिकारी आधीच आले होते. किरकोळ, कंटाळलेला माणूस, मांडीवर फाइल. मुकादमाच्या हातात पेन होतं आणि छातीवर एका पाटीवर तो टाइप केलेला कागद. धाकट्याची बायको खिडकीजवळ स्टुलावर, नेहमीसारखी.

"थांबा," मी म्हटलं.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मी शीटा त्यांच्या समोर पसरल्या आणि क्रमाने सांगितलं. ढग काढलेली, पण खणात राहिलेली शीट. हेल्मेटचा फोन. कापलेली पट्टी. पाइप. ते हळूहळू सरळ बसले आणि लिहायला लागले.

मुकादम मात्र मान हलवत होता.

"पण बाई, आकडा होता की तीन नंबरवर. मी वाचला नाही."

"चाळीस तपशिलांत एक आकडा. भोवती ढग नाही. ढग नाही म्हणजे बदल नाही, हे तुम्हाला आम्हीच शिकवलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वागलात."

"तरी..."

"ढग काढला होता म्हणता ना?" आवाज खिडकीकडून आला. ती उठून उभी राहिली होती. "मग तो पुसला कोणी?"

हा प्रश्न येणार हे मला रात्रभर माहीत होतं. उत्तरं मी चार तयार केली होती. धाकटीने पुसला, हे एक. ऑफिसची पद्धत आहे, हे दुसरं. सगळीच खरी होती. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"माझ्या नियमाने पुसला," मी म्हटलं. "नवी शीट निघाली की जुने ढग पुसायचे, हा नियम मी केला. मधली शीट कोणाला मिळालीच नाही तर काय, हे मला कधी सुचलं नाही. शीट नीट दिसावी म्हणून केला होता. तो ढग राहिला असता तर तुमचा माणूस आज जिवंत असता."

मुकादमाने डोळे मिटले. अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि ती मला मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता.

ती खाटेपाशी गेली. मुकादमाच्या छातीवरचा कागद तिने काढून घेतला, त्याच्या बोटांतलं पेन सोडवलं.

"दादा," ती म्हणाली, "सही करायची नाही."

अपघातानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. मुकादमाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ती त्याच्या उशाशी बसली, आणि ते हलणं थांबेपर्यंत एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून राहिली. मग तिने रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

"तुम्ही तिथे बसा, बाई. ह्या साहेबांना सगळं पहिल्यापासून लिहून द्या. तुमचं पण."

मी बसले. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. मी माझ्या नियमापासून सुरुवात केली.